काटा थांबेपर्यंत

"थेंबभर जास्त आहे," काका म्हणाले आणि औषध भरलेली सिरिंज त्यांनी पुन्हा खिडकीच्या उजेडात धरली.

सिस्टर हसू दाबून उभ्या होत्या. सुई नसलेली, तोंडात औषध सोडायची साधी प्लॅस्टिकची सिरिंज ती. पण काकांनी ती डोळ्यांच्या रेषेत आणली होती, एक डोळा मिटला होता आणि श्वाससुद्धा रोखून धरला होता. दट्ट्या केसभर पुढे सरकला. एक थेंब परत बाटलीत पडला.

"आता बरोबर दोन मिली."

"काका, एका थेंबानं काही बिघडत नाही हो."

"असं मला प्रत्येक दुकानदार सांगायचा," काका म्हणाले.

कॉटवरून काकूंचा आवाज आला. "अहो, द्या ते एकदाचं! दुखायचं कधी थांबतंय याची वाट बघतेय मी आणि यांची इथं तपासणी चाललीय."

काका चौतीस वर्षं वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. दुकानांतले तराजू, दुधाची मापं, पेट्रोल पंपांवरचे आकडे तपासायचे. बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर दंड. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली तरी हा माणूस काही खात्यातून बाहेर पडला नव्हता. औषधाच्या बाटलीबरोबर आलेलं टोपणासारखं माप त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या काचेच्या नळीत पाणी ओतून तपासलं आणि ते खोटं निघालं. कंपनीला पत्र लिहायला बसले, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "मी इथं चाललेय आणि हे टोपणावर केस करणार! करा, करा. साक्षीला मात्र मला बोलावू नका."

काकूंच्या पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले आणि सांगितलं, आता घरीच न्या, त्रास होणार नाही एवढं बघू. सिस्टरांचं काम सुरू व्हायचं ते इथून पुढे. एकोणीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या घरभेटीच्या कामावर होत्या. या कामात पेशंटपेक्षा पेशंटच्या घरच्यांनाच जास्त सांभाळावं लागतं. कूस कशी बदलायची, ओठ कसे ओले ठेवायचे, माणसाला न उठवता खालची चादर कशी काढायची, हे शिकवायचं. आणि शिकवता शिकवता ती माणसं कोसळत नाहीत ना, यावर लक्ष ठेवायचं.

यावर सिस्टरांनी स्वतःचा एक उपाय शोधला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला. प्रत्येक घरात पहिल्या दिवशी त्या एक जाडजूड वही द्यायच्या. रकाने आखलेली. वेळ, औषध, खाणं, लघवी, कूस, दुखणं दहापैकी किती. "रडायचं तर खुशाल रडा, पण आधी वही भरा," असं त्या सांगायच्या. हाताला काम मिळालं की माणूस उभा राहतो, हा त्यांचा अनुभव होता. धाय मोकलून रडणाऱ्या लेकी, भिंतीला डोकं टेकून बसलेले नवरे, सगळे त्या वहीच्या आधारानं सावरलेले त्यांनी पाहिले होते. ऑफिसात त्यांना वहीवाल्या सिस्टरच म्हणायचे.

पण काकांसारखी वही एकोणीस वर्षांत कुणी ठेवली नव्हती. पट्टीनं आखलेल्या रेघा, औषधाला निळी शाई, त्रासाला लाल. सिस्टरांच्या सहा रकान्यांत काकांनी स्वतःचे चार वाढवले होते. शेवटचा रकाना सिस्टरांच्या सहीचा. त्याच्या डोक्यावर काकांनी लिहिलं होतं, 'शिक्का'. दर सोमवारी आणि गुरुवारी सिस्टर यायच्या, पान उलटायच्या, कौतुक करायच्या आणि सही करायच्या.

त्या गुरुवारीही तसंच झालं. औषध पोटात गेलं, काकूंच्या कपाळावरची आठी उलगडली. कापूस संपला होता, म्हणून काका पिशवी घेऊन निघाले. दारात त्यांनी घड्याळ पाहिलं.

"बारा मिनिटांत येतो. तोवर पाणी मागितलं तर दोन चमचे. तिसरा नाही."

"नाही देत तिसरा," सिस्टर म्हणाल्या.

दार ओढून घेतल्याचा आवाज झाला, तशी काकूंनी मान वळवली. "गेले?"

"गेले."

"बसा जरा इथं."

सिस्टरांनी काकूंचं मनगट हातात घेतलं होतं. "नाडी बघते तेवढी."

"नाडी कुठं पळून चाललीय? बसा म्हटलं ना."

काकू शाळेत शिवण शिकवायच्या. तीस-तीस मुलींना एका आवाजात खाली बसवणारी बाई. अंगातली ताकद गेली होती, आवाजातली जरब गेली नव्हती. सिस्टर स्टुलावर बसल्या.

"तुम्ही यांना एवढं काम का दिलंय हो?"

"काम? काका मनापासून करतात, काकू. मी इतकी घरं बघते, एवढी सेवा..."

"सेवा करतात. नाही कोण म्हणतंय? पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं करतात." काकूंनी दम घेतला. "पण दिवसभर या खोलीत असतात आणि मला भेटतच नाहीत. मी तोंड उघडलं की हे जीभ बघतात. हात पुढे केला की नाडी. परवा माझ्या मनात आपलं सहज आलं, म्हटलं, अहो, लग्न झाल्यावर आपण ज्या खोलीत राहायचो ना, तिच्या खिडकीला किती गज होते हो? त्या गजांना धरून मी यांची वाट बघत उभी राहायचे. तर म्हणाले, थांब, आधी ताप बघतो."

सिस्टरांना हसू फुटलं.

"हसताय काय? पुढचं ऐका. ताप नव्हता. मग यांनी वहीत लिहिलं, बोलणं असंबद्ध. लाल शाईनं. बघा जाऊन. खाली तुमची सही आहे."

सिस्टरांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी पान उलटून पाहिलं नाही. सही असणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या रेघा बघायच्या, शाई बघायच्या, आकडे बघायच्या. बाकीचं वाचायला वेळ कुणाला होता?

"तुम्हीच सांगून बघा ना त्यांना," त्या म्हणाल्या.

"सांगितलं. एवढं उरकलं की बसतो, म्हणतात. बेचाळीस वर्षं हेच ऐकतेय मी. एवढं ऑडिट होऊ दे, एवढी बदली होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे. आता काय उरकायचं राहिलंय, मीच ना?" काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. "मी सांगितलं तर ते बायकोचं बोलणं. तुम्ही सांगितलं तर सरकारी हुकूम. तुम्ही नुसतं म्हणा, काका, रोज संध्याकाळी पाच ते सहा पेशंटजवळ बसायचं. हातात वही नको, पेन नको, घड्याळ नको. उपचार आहे म्हणा. लगेच बसतील. मी सांगितलं असं मात्र कळू देऊ नका, नाही तर वहीत तक्रारीचा रकाना निघेल."

"सांगते," सिस्टर म्हणाल्या.

"आजच?"

"आजच. नक्की."

काकूंनी पांघरुणाखालून हात काढून सिस्टरांच्या हातावर ठेवला. हात गार होता. सिस्टरांची बोटं सवयीनं मनगटाकडे सरकली आणि काकू म्हणाल्या, "तुम्ही पण तशाच."

काका आले. "अकरा मिनिटं," त्यांनी दारातूनच सांगितलं.

सिस्टर निघाल्या तेव्हा काका जिन्यापर्यंत सोडायला आले. हातात वही होतीच. गेल्या तीन आठवड्यांच्या दुखण्याच्या आकड्यांची त्यांनी आलेखाच्या कागदावर एक रेघ काढली होती आणि ती त्यांना दाखवायची होती. रेघ खाली खाली येत होती. औषध लागू पडत होतं.

"सिस्टर, खरं सांगू का?" काका म्हणाले. आवाज एकदम ओला झाला होता. "तुमची ही वही नसती ना, तर मला वेड लागलं असतं. रात्री काय करायचं, सकाळी काय करायचं, काही सुचलं नसतं. हिच्याकडं नुसतं बघत बसायची ताकद नाही हो माझ्यात."

झालं. सिस्टरांच्या ओठांवर आलेले शब्द तिथंच अडले. ज्या माणसाच्या हातात आपणच काठी दिली, त्याला जिन्यावर उभं करून ती काढून कशी घ्यायची? सोमवारी सांगू, त्यांनी ठरवलं. निवांत बसवून सांगू.

आता कारण तेवढंच होतं असं मात्र नाही. सोमवारी सिस्टर दोन नव्या नर्सना घेऊन येणार होत्या. वॉर्डातून घरभेटीच्या कामावर बदली झालेल्या दोघी. त्यांना घरचं माणूस किती उत्तम तयार होऊ शकतं हे दाखवायचं होतं, आणि दाखवायला काकांच्या वहीइतकं देखणं दुसरं काही नव्हतं. तसं मोठ्या डॉक्टरांशीही बोलणं झालं होतं. अशा वेळी काकांना वही बाजूला ठेवा म्हणायचं? सिस्टरांनी हे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही त्या दिवशी. पुढे केलं, पण पुढे करून काय उपयोग?

सोमवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नव्या दोघींसमोर त्यांनी काकूंची कूस बदलून दाखवली, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, पायांत उशी. एकदाही काकू कण्हल्या नाहीत. मग वही. पान उलटता उलटता काका समजावून सांगत होते आणि त्या दोघी खरोखरच थक्क होऊन बघत होत्या.

"अगं बाई! आम्ही ड्युटीवर एवढं लिहीत नाही," एक जण म्हणाली.

"लिहायला पाहिजे," काका म्हणाले. "मोजलं नाही तर कळणार कसं?"

काकू भिंतीकडे कूस करून होत्या. त्यांनी सावकाश मान वळवली आणि सगळ्यांच्या खांद्यांवरून सिस्टरांकडे पाहिलं. भुवया वर केल्या. सांगितलं का?

सिस्टरांनी बोटांनी खूण केली. नंतर. या दोघी जाऊ देत.

काकू जराशा हसल्या. शिवणाच्या वर्गात मुलीनं पुन्हा चुकीचा टाका घातला की हसत असतील तशा. त्यांनी मान परत भिंतीकडे वळवली.

नंतर काही झालं नाही. नव्या दोघींना पुढच्या घरी न्यायचं होतं, उशीर झाला होता, जिन्यावर काका त्या दोघींनाच काहीतरी सांगत होते. गुरुवारी, सिस्टर मनात म्हणाल्या. गुरुवारी एकटीच येते आणि सांगते.

बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सिस्टरांचा फोन वाजला. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एका आजोबांच्या पाठीची जखम बांधत होत्या. फोन खांद्यात धरून त्यांनी "बोला काका" म्हटलं.

"श्वास मधेच थांबतोय. पंधरा सेकंद थांबतो आणि मग मोठा येतो. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहू?"

सिस्टरांना समजलं. असा श्वास त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. पण हात जखमेत गुंतले होते, आजोबा ओरडत होते आणि तोंडातून एकोणीस वर्षांची सवय बोलली.

"घाबरू नका. मिनिटाला किती श्वास येतात ते मोजा आणि लिहून ठेवा. मी निघालेच."

"बरं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

जखम बांधून झाली, हातमोजे काढले, सिस्टर स्कूटरवर बसल्या. तिसऱ्या सिग्नलला लाल दिवा लागला. समोरच्या खांबावर सेकंदांचे आकडे उलटे पळत होते. चाळीस, एकोणचाळीस, अडतीस. आणि एकदम सिस्टरांच्या लक्षात आलं. आपण काय सांगून बसलो?

त्यांनी स्कूटर कडेला घेतली आणि फोन लावला. वही टाका, काका. घड्याळ टाका. हात धरा काकूंचा. एवढंच सांगायचं होतं, तीन वाक्यं. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मोजताना काका फोन घेत नसत, मोजणी चुकते म्हणून. हेही सिस्टरांनीच त्यांना शिकवलं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेल्यावर सिस्टरांना आधी काकांची पाठ दिसली. खुर्ची कॉटपासून हातभर लांब, नीट समोर मांडलेली. छाती वरखाली होताना स्पष्ट दिसावी म्हणून. डाव्या हातात मनगटावरून काढलेलं घड्याळ, उजव्या हातात पेन, मांडीवर वही.

"या सिस्टर," काका मागे न बघता म्हणाले. "तीन एकेचाळीसनंतर नाही."

काकूंचा चेहरा शांत होता. त्यांचा एक हात पांघरुणाच्या बाहेर, कॉटच्या कडेवरून खुर्चीच्या बाजूला लोंबत होता. सिस्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला. मग तो हात उचलून छातीवर ठेवला. पापण्या मिटल्या.

काकांनी वही पुढे केली. तीन चौदा, अकरा श्वास. तीन पंधरा, अकरा. तीन सोळा, दहा. आकडे एकाखाली एक, रेघेला धरून, एकही खाडाखोड नाही. तीन चाळीसला एक. तीन एकेचाळीसला शून्य. त्याखाली बेचाळीसला शून्य, त्रेचाळीसला शून्य, अशी अकरा शून्यं, सिस्टर दारात येईपर्यंत.

"काटा थांबला असं वाटतं, पण कधीकधी हलतो परत," काका म्हणाले. "पूर्ण थांबेपर्यंत नजर काढायची नाही. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

सिस्टरांनी पांघरुणाची कड सारखी केली.

"तीन पस्तीसला हिनं हात पुढे केला होता," काका म्हणाले. आता ते वहीकडे बघत होते. "माझ्याकडं. मी म्हटलं, थांब, एवढं मिनिट पूर्ण होऊ दे. मग मिनिट पूर्ण झालं, तर पुढचं सुरू झालं."

खोलीत औषधाच्या वेळेचा गजर वाजला. चार वाजले होते. काकांनी उठून तो बंद केला, सिरिंज हातात घेतली आणि परत जागेवर ठेवली.

"बरोबर केलं ना मी, सिस्टर?"

"अगदी बरोबर केलंत, काका."

"मग शिक्का मारा."

सिस्टरांनी सही केली. शून्यांच्या रांगेसमोर, शेवटच्या रकान्यात. आयुष्यात एवढ्या सह्या केल्या, पण ही सही करताना आपण चोरी करतोय असं त्यांना वाटलं. सगळा दोष त्या माणसाच्या पदरात टाकून आपण बाजूला उभ्या आहोत आणि वर शाबासकी देतोय.

त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. सिस्टर कामावर जात होत्या, पण नव्या घरात वही द्यायची वेळ आली की हात पिशवीतच राहायचा. त्यांना स्वतःची आई आठवायला लागली. आईच्या शेवटच्या दिवसांत सिस्टरांनी रजा काढून तिचं सगळं केलं होतं; लोक अजून नावाजतात. आणि आता ते दिवस आठवायला गेलं तर फक्त चादरी आठवत होत्या. कुठली निळी, कुठली फुलांची, कोपरे कसे खोचले होते. आईचा चेहरा काही केल्या समोर येत नव्हता. काकू म्हणाल्या होत्या, तुम्ही पण तशाच. किती बरोबर ओळखलं होतं बाईनं!

माणूस गेल्यावर घरच्यांना एकदा भेटून यायचं, असा घरभेटीच्या कामाचा नेम होता. सिस्टरांनी ती भेट दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा ढकलता येईना, तेव्हा एका संध्याकाळी साडेचारला त्या जिना चढल्या.

काकांनी दार उघडलं. दाढी केलेली, शर्ट स्वच्छ. मुलगी दहा दिवस राहून आपल्या गावी गेली होती. चला म्हणत होती, काका गेले नव्हते. भाड्याची कॉट परत गेली होती. ती जिथं होती तिथं फरशीवर चार चाकांचे चार गोल डाग राहिले होते. टेबलावर उरलेले हातमोजे, न फोडलेल्या सिरिंजा आणि कापूस नीट रचून ठेवला होता. आणि वही.

"हे दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल," काका म्हणाले. "वहीसुद्धा घेऊन जा. तुमच्या त्या नव्या मुलींना दाखवायला."

"वही राहू दे काका."

"का? काही चुकलंय का तीत?"

सिस्टर स्टुलावर बसल्या. काका समोरच्या खुर्चीवर. मग काकांनी विचारलं, अगदी सहज, पण विचारण्यासाठी बरेच दिवस थांबले असावेत असं, "मी बाहेर गेलो की तुम्ही दोघी काहीतरी बोलायचात. मी आलो की गप्प व्हायचात. काय म्हणायची हो ती?"

सिस्टरांपुढे दोन वाटा होत्या. तुमचं कौतुक करायच्या, असं म्हणता आलं असतं. पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं करतात, हे काकूंचेच शब्द होते, खोटंही झालं नसतं. काकांच्या जिवाला गारवा मिळाला असता आणि सिस्टर सुटल्या असत्या. पण तो हात पुढे केलेला आणि थांब म्हटलेलं, ते या माणसानं एकट्यानंच जन्मभर वाहायचं? त्यातला अर्धा भार आपला आहे. अर्ध्याहून जास्तच.

"काका, त्यांनी मला एक काम सांगितलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "मी ते केलं नाही."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाच ते सहा. वही नको, पेन नको, घड्याळ नको. उपचार आहे असं सांगा. आजच सांगते म्हणून दिलेला शब्द, जिन्यावर गिळलेलं वाक्य, सोमवारची बोटांची खूण. नव्या नर्सना वही दाखवायची हौस होती, हेही त्यांनी लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आणि बुधवारी फोनवर मोजा म्हणणारी मीच. तुमचं काही चुकलं नाही, काका. माझं चुकलं. मला माफ करा असं म्हणायचंसुद्धा तोंड नाही मला."

काका फरशीवरच्या डागांकडे बघत होते.

"हे कधी सांगितलं तिनं?"

"त्या गुरुवारी. तुम्ही कापूस आणायला गेला होतात."

"गुरुवारी." काकांचे ओठ हलले. "गुरुवार ते मंगळवार. सहा संध्याकाळी होत्या."

"हो."

"तुम्ही सांगितलं असतं तर मी बसलो असतो."

"माहीत आहे मला."

काका रागावले नाहीत. रागावले असते, ओरडले असते तर सिस्टरांना बरं वाटलं असतं. असू दे, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी मान हलवली, एखाद्या दुकानात माप खोटं निघालं आणि दुकानदारानं स्वतःच कबूल केलं की हलवत असतील तशी. मग मनगटावर नजर टाकली.

"पाचला सहा मिनिटं कमी आहेत," ते म्हणाले.

सिस्टरांना आधी कळलं नाही. काका उठले. खुर्ची उचलून त्यांनी चार डागांच्या शेजारी ठेवली; त्या बुधवारसारखी हातभर लांब नाही, अगदी चिकटून, कॉट असती तर गुडघे तिला लागले असते इतक्या जवळ. खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. वही ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लोटला. सहा मिनिटं ते खुर्चीमागे तसेच उभे राहिले. मग घड्याळ सोडून त्यांनी सिस्टरांच्या हातात दिलं.

"सहाला सांगा," म्हणाले आणि बसले.

सिस्टर स्टुलावर बसून राहिल्या. करायला काही नव्हतं. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. एकदा पदर सारखा केला, एकदा पिशवीचा बंद. घड्याळ मुठीत टिकटिकत होतं. थोड्या वेळानं त्यांनी ते न बघताच पिशवीच्या तळाशी कापसाखाली सारलं.

खिडकीतला उजेड फरशीवरून भिंतीवर चढला. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. काकांचा उजवा हात मांडीवरून सरकून खुर्चीच्या कडेला आला होता, तळवा वर करून, डागांच्या बाजूला.

किती वेळ गेला होता कोण जाणे. काका एकदम बोलले, सिस्टरांशी नाही, समोर, नेहमी कॉटशी बोलायचे त्या आवाजात.

"सात होते," ते म्हणाले. "सात गज. त्यातला एक वाकलेला होता. तू धरायचीस तो."